अप्लास्टिक ॲनिमिया: स्टेम सेल मॅरोतून घ्यायच्या, रक्तातून की नाळेतून?

अप्लास्टिक ॲनिमिया हा कॅन्सर नाही. यात हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणजे बोन मॅरो, रक्त तयार करणं जवळपास थांबवतो. बहुतेक रुग्णांमध्ये कारण असतं स्वतःचीच प्रतिकारशक्ती. तिच्यातल्या टी-पेशी मॅरोतल्या मूळ पेशींवर, म्हणजे स्टेम सेलवर, उलटतात आणि त्या संपत जातात. हे सुरुवातीलाच डोक्यात पक्कं बसवायला हवं, कारण ट्रान्सप्लान्टसाठी दात्याच्या स्टेम सेल कुठून घ्यायच्या याचं उत्तर इथूनच निघतं. शेजारच्या खाटेवरच्या ल्युकेमियाच्या पेशंटला जे योग्य, ते आपल्या पेशंटला योग्य असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसतंच.

हा लेख नुकतंच निदान झालेल्या घरांसाठी आहे. निर्णय रक्तविकारतज्ज्ञांनीच घ्यायचा, पण ओपीडीत मिळणाऱ्या दहा-पंधरा मिनिटांत काय विचारायचं आणि कुठल्या क्रमाने, एवढं यातून हाती लागावं.

पायरी पहिली: आजार नेमका तोच आहे ना?

'सिव्हिअर' हा शब्द रिपोर्टवर उगाच येत नाही, त्याला ठरलेलं माप आहे. मॅरोच्या बायोप्सीत पेशींचं प्रमाण २५ टक्क्यांच्या खाली आणि शिवाय रक्तात तीनपैकी किमान दोन गोष्टी: न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली, प्लेटलेट २० हजारांच्या खाली, आणि नव्याने तयार होणाऱ्या लाल पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, अगदी कमी. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली गेले तर 'व्हेरी सिव्हिअर'. तिथे दिवस मोजूनच चालावं लागतं.

पण मॅरो रिकामा दिसला म्हणून निदान संपलं असं नाही. फॅन्कोनी ॲनिमिया हा जनुकीय आजार हुबेहूब असाच दिसतो. उंची कमी, अंगठा वेगळा, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग अशा खुणा असल्या तर शंका येते, पण काही मुलांत बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी क्रोमोसोम ब्रेकेज टेस्ट करतात. लहान मुलांत आणि तरुणांत ती न करता ट्रान्सप्लान्टकडे जाऊ नये. आपल्याकडे मामेबहिणीशी, आतेबहिणीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे. आई-वडील नात्यातले असतील तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि माहिती फार कामाची आहे. फॅन्कोनी असेल तर ट्रान्सप्लान्टआधी देतात त्या केमोचा नेहमीचा डोस पेशंटला झेपत नाही, तो खूपच कमी करावा लागतो. शिवाय दाता म्हणून निवडलेल्या सख्ख्या भावंडालाही तोच आजार दडलेला असू शकतो, म्हणून त्याचीही टेस्ट लागते.

याच टप्प्यावर पीएनएच (लाल पेशी फुटत जाण्याचा, या आजारासोबत दिसणारा विकार) आहे का हे बघणारी फ्लो सायटोमेट्री ही रक्ततपासणी आणि मॅरोच्या क्रोमोसोमची तपासणी होते. दोन्हींचे कागद फाइलमध्ये आहेत का, ते बघा.

पायरी दुसरी: रक्त चढवताना पहिल्या दिवसापासून शिस्त

निदान झालं की सगळे नातेवाईक रक्त द्यायला रांगेत उभे राहतात. मामा, काका, भाऊ, सगळे. भावना समजते, पण या आजारात घरच्यांचं रक्त पेशंटला चढवायचं नाही. भावाचं किंवा आईचं रक्त आधीच अंगात गेलं, तर पेशंटची प्रतिकारशक्ती त्या घराण्याच्या पेशींना ओळखून ठेवते आणि उद्या त्याच भावाचा मॅरो नाकारण्याचा धोका वाढतो. नातेवाइकांनी रक्तपेढीत रक्त जरूर द्यावं, बदली पिशव्यांचा हिशेब त्याने भागतो. फक्त ती पिशवी आपल्या पेशंटला लागू नये, हे पेढीला स्पष्ट सांगून ठेवावं.

पिशव्या पांढऱ्या पेशी गाळलेल्या आणि इरॅडिएट केलेल्या, म्हणजे किरणोत्सर्ग दिलेल्या, असाव्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी इरॅडिएशनची सोय बहुधा नसते. मग मोठ्या शहरातल्या पेढीशी बोलून ठेवण्याचं काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. रक्तस्राव किंवा ताप नसेल तर प्लेटलेट साधारण १० हजारांपर्यंत उतरेपर्यंत थांबता येतं. आकडा बघून घाबरून रोज पिशवी मागू नका. जितक्या जास्त पिशव्या, तितका पुढे नकाराचा धोका जास्त.

याचा ग्राफ्ट, म्हणजे दात्याकडून घ्यायच्या पेशी, निवडण्याशी काय संबंध, असं वाटेल. थेट आहे. ज्याला मोजक्या पिशव्या चढल्या त्याला मॅरो निवडायची मोकळीक राहते. ज्याला ढीगभर चढल्या, त्याच्या डॉक्टरांना नकाराची भीती वाटते आणि ते रक्तातल्या पेशींकडे झुकतात.

पायरी तिसरी: एचएलए लगेच, आणि सगळ्या भावंडांची

ट्रान्सप्लान्ट करायचं की नाही हे ठरायच्या आधीच एचएलए टायपिंग करून घ्यावं, म्हणजे दाता आणि पेशंट यांच्या पेशींवरच्या ओळखखुणा जुळतात का ते बघावं. त्यासाठी रक्त लागतंच असं नाही. काउंट अगदी खाली असतील तर गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवरही ते होतं. रक्तगट जुळणं आणि एचएलए जुळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तगट वेगळा असला तरी ट्रान्सप्लान्ट होऊ शकतं.

प्रत्येक सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. दोन भावंडं असतील तर किमान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, तीन असतील तर ५८ टक्क्यांच्या आसपास. आई-वडील बहुतेक वेळा अर्धेच जुळतात, पण ते नात्यातले असतील तर कधी पूर्ण जुळणीही निघते. म्हणून त्यांचंही टायपिंग करा.

इथे एक फाटा फुटतो. पेशंट साधारण ४० च्या आतला आणि सख्खं भावंड पूर्ण जुळणारं असेल, तर थेट ट्रान्सप्लान्ट हाच पहिला उपाय मानतात. दाता नसेल किंवा वय जास्त असेल तर आधी औषधांचा मार्ग: टी-पेशींना आवरणारी एटीजी आणि सायक्लोस्पोरिन, आणि सोबत मॅरोला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. एटीजी घोड्यापासूनचं घेतात की सशापासूनचं, हे विचारायला संकोचू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनी घोड्याच्या एटीजीला ६८ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, सशाच्या एटीजीला ३७ टक्क्यांनी. हा औषधी मार्ग फसला तर पुन्हा ट्रान्सप्लान्टचा विचार येतो, आणि मग दाता घराबाहेरचा किंवा अर्धा जुळणारा असू शकतो.

पायरी चौथी: दाता कोण आणि पेशी कुठून, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

नव्या घरांचा सर्वात मोठा गोंधळ इथे होतो. "भाऊ मॅच झाला" एवढं कळलं की सगळं ठरलं असं वाटतं. प्रत्यक्षात फक्त दाता ठरलेला असतो. त्याच भावाकडून पेशी दोन प्रकारे घेता येतात: कमरेच्या हाडातून मॅरो काढून, किंवा इंजेक्शनं देऊन पेशी रक्तात उतरवून हाताच्या शिरेतून. पेशंटचं पुढचं आयुष्य कसं जाईल हे या दुसऱ्या निवडीवर बरंच अवलंबून असतं, आणि समुपदेशनात तिच्यावर अनेकदा दोन वाक्यांपलीकडे बोलणं होत नाही. गंमत म्हणजे या उपचाराला लोक अजूनही 'बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट' म्हणतात, पेशी रक्तातून काढलेल्या असल्या तरी. त्यामुळे "आमचं बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट आहे" म्हणजे मॅरोच वापरणार, असं धरून चालू नका. विचारा.

पायरी पाचवी: मॅरो की रक्त

मॅरो काढण्यासाठी दात्याला पूर्ण भूल देतात, पालथं झोपवतात आणि कमरेच्या मागच्या बाजूच्या रुंद हाडात सुया घालून मॅरो ओढून घेतात. मणक्याला हात लागत नाही. "पाठीच्या कण्यातून काढतात आणि माणूस अधू होतो" ही भीती आपल्याकडे इतकी पसरलेली आहे की जुळणारा भाऊ तिच्यापायी मागे फिरू शकतो. म्हणून ही गोष्ट घरात मोठ्याने, सगळ्यांसमोर सांगितलेली बरी. कापाकापी नसते, टाके नसतात. काही दिवस कंबर दुखते, थकवा राहतो, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि काढलेला मॅरो काही आठवड्यांत शरीर भरून काढतं.

रक्तातून पेशी काढायच्या असतील तर दात्याला चार-पाच दिवस जीसीएसएफची, म्हणजे मॅरोतल्या पेशी वाढवून रक्तात उतरवणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं देतात. त्याने हाडांत ठणका लागतो, फ्लूसारखं वाटतं. मग ॲफेरेसिसच्या यंत्रावर काही तास बसायचं. एका हातातून रक्त यंत्रात जातं, पेशी वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. भूल लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. हॉस्पिटलला हे सोयीचं, प्रौढ दात्यालाही बहुतेक वेळा पसंत.

मग अडचण काय? रक्तातून काढलेल्या पिशवीत मॅरोच्या तुलनेत सुमारे दहापट टी-पेशी येतात. या टी-पेशी पेशंटच्या शरीराला परकं समजून त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला करू शकतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. नवा भाडेकरू घरात येऊन घरमालकालाच बाहेर काढायला बघतो, तसला प्रकार. ल्युकेमियात डॉक्टर थोडा जीव्हीएचडी सहन करतात, कारण त्याच टी-पेशी उरलेल्या कॅन्सरलाही खातात. अप्लास्टिक ॲनिमियात खायला कॅन्सरच नाही. इथे जीव्हीएचडीचा फायदा शून्य, सगळा तोटाच.

आकडेही हेच सांगतात. २००७ साली पूर्ण जुळणाऱ्या भावंडांकडून ट्रान्सप्लान्ट झालेल्या ६९२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. वीस वर्षांखालच्या रुग्णांत दीर्घकाळ चालणारा, म्हणजे क्रॉनिक जीव्हीएचडी मॅरो घेतलेल्यांत १२ टक्के होता, रक्तातल्या पेशी घेतलेल्यांत २७ टक्के. पाच वर्षांनी जिवंत असलेले: मॅरो ८५ टक्के, रक्त ७३ टक्के. त्या अभ्यासात विशीच्या पुढच्या रुग्णांत फरक तितका ठाम नव्हता, म्हणून काही काळ असा समज राहिला की मॅरोचा आग्रह लहान मुलांपुरता धरावा. २०१२ साली युरोपच्या नोंदवहीतल्या १,८८६ रुग्णांचा अभ्यास आला आणि मोठ्यांतही मॅरोच सरस ठरला: जिवंत राहिलेले विशीच्या आत मॅरो ९०, रक्त ७६ टक्के, विशीच्या पुढे ७४ आणि ६४. घराबाहेरच्या दात्यांच्या बाबतीतही तसंच. २०११ च्या अभ्यासात तीन वर्षांनी मॅरोवाले ७६ टक्के जिवंत होते, रक्तवाले ६१.

हे यादृच्छिक चाचण्यांचे आकडे नाहीत, नोंदवह्यांचे आहेत. कोणत्या केंद्राने कोणत्या पेशंटला काय दिलं यात आधीच निवड झालेली असते, त्यामुळे टक्का न् टक्का आपल्या पेशंटला लावू नये. पण वेगवेगळ्या नोंदी एकाच बाजूला झुकतात, आणि त्यामागची यंत्रणाही समजण्यासारखी आहे. म्हणून माझं मत सरळ आहे: काही खास कारण नसेल तर अप्लास्टिक ॲनिमियात मॅरोच मागावा.

आता ती खास कारणं. ती खरी असतात, सबबी नसतात, म्हणून नीट ऐकून घ्यावीत.

पहिलं कारण इन्फेक्शन. रक्तातल्या पेशी साधारण दोन आठवड्यांत रुजतात, मॅरोला तीनेक आठवडे लागतात. पेशंटच्या फुप्फुसात बुरशी बसली असेल, न्यूट्रोफिल शून्याजवळ असतील, तर तो मधला एक आठवडा जीवघेणा ठरू शकतो. आपल्याकडे गावातून तालुक्याला, तालुक्यातून पुण्या-मुंबईला येईपर्यंत महिने जातात आणि पेशंट पोहोचतो तोच तापलेला. भारतातल्या अनेक केंद्रांत रक्तातल्या पेशी का वापरतात याचं एक मोठं उत्तर हे आहे. अशा पेशंटच्या डॉक्टरांनी रक्ताचा पर्याय सुचवला तर युरोपचे आकडे दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

दुसरं कारण नकाराची भीती. खूप पिशव्या चढलेल्या असतील किंवा आधीचा ग्राफ्ट नाकारला गेला असेल, तर जास्त पेशी आणि जास्त टी-पेशी रुजण्याला मदत करतात.

तिसरं कारण वजनाचं, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

चौथं कारण कुणी उघड सांगत नाही: मॅरो काढण्याची सवय कमी होत चालली आहे. सगळीकडे ॲफेरेसिस चालतं, त्यामुळे मॅरो हार्वेस्ट क्वचितच करणारी केंद्रंही आहेत. एका जागेतून जास्त मॅरो ओढला की त्यात नुसतं रक्तच येतं आणि पेशी कमी भरतात. चांगला हात असलेली टीम थोडंथोडं, अनेक जागांतून काढते. म्हणून "तुमच्याकडे गेल्या वर्षभरात मॅरो हार्वेस्ट किती झाले?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर अगदीच मोघम आलं, तर दुसऱ्या केंद्राचं मत घ्या. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट झालं आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९८६ पासून हे काम चालू आहे. इतक्या वर्षांचा अनुभव देशात आहे, तो शोधला की सापडतो.

रक्तातल्याच पेशी घ्यायचं ठरलं, तर पुढचा प्रश्न तयार ठेवा: कंडिशनिंगमध्ये, म्हणजे ट्रान्सप्लान्टआधीच्या तयारीच्या औषधांत, एटीजी किंवा त्यासारखं टी-पेशी मारणारं औषध आहे का? जीव्हीएचडीवर ते बराच लगाम घालतं. मधला एक मार्गही काही केंद्रं वापरतात: दात्याला थोडे दिवस जीसीएसएफ देऊन मग मॅरोच काढायचा. पेशी जास्त मिळतात आणि रुजतातही लवकर.

पायरी सहावी: पेशी पुरतील का, याचं गणित

मॅरो हवा, हे ठरलं तरी तो पुरायला हवा. या आजारात पेशी कमी पडल्या तर ग्राफ्ट रुजतच नाही. पेशंटच्या दर किलो वजनामागे किमान ३० कोटी पेशी मॅरोत असाव्यात असं धरतात. त्यातल्या खऱ्या स्टेम सेलच्या, म्हणजे सीडी३४ पेशींच्या, मापात बोलायचं तर दर किलोला किमान २० लाख, शक्यतो ३० लाख. आणि दात्याकडून घेता येतं ते जास्तीत जास्त त्याच्या दर किलो वजनामागे २० मिलिलिटर.

समजा पेशंट ७० किलोचा मोठा भाऊ आणि दाता २० किलोची धाकटी बहीण. लागतील २,१०० कोटी पेशी. बहिणीकडून जास्तीत जास्त ४०० मिलिलिटर मॅरो मिळेल. एका मिलिलिटरमध्ये साधारण २ ते ३ कोटी पेशी धरल्या तर जमतील १,००० कोटींच्या आसपास. निम्म्यातच अडकलो. इथे डॉक्टर वेगळा विचार करणार, आणि तो योग्यच.

उलट दिशेने गणित छान जमतं. दाता मोठा, पेशंट लहान मूल, मॅरो भरपूर. आणि दोघंही लहान असतील तर मॅरोच दात्याला सोपा पडतो, कारण ॲफेरेसिससाठी लहान मुलाच्या हाताच्या शिरा पुरत नाहीत, मोठ्या शिरेत नळी घालावी लागते.

रक्तगटाचा मुद्दा इथे पुन्हा येतो. दात्याचा गट पेशंटला न चालणारा असेल, म्हणजे पेशंट ओ आणि दाता ए, तर मॅरोतल्या लाल पेशी आधी काढून टाकाव्या लागतात आणि त्यात थोड्या स्टेम सेलही जातात. तेवढं वरचं धरूनच मॅरो काढायचा असतो. हे लॅबचं काम आहे, पण आधी विचारलेलं बरं.

पायरी सातवी: घरात पूर्ण मॅच नसेल तर

रजिस्ट्रीत, म्हणजे स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या दात्यांच्या यादीत, शोध घेता येतो. जगभरच्या रजिस्ट्र्यांत मिळून चार कोटींहून जास्त दाते नोंदलेले आहेत, पण त्यांत भारतीय वंशाचे थोडे, आणि जुळणी मिळण्याची शक्यता आपल्याच समाजात जास्त असते. पिढ्यान्‌पिढ्या जातीत लग्नं झाल्याचा हा एक उपपरिणाम. देशात २००९ पासून काम करणारी चेन्नईची दात्री आणि बंगळुरूची डीकेएमएस-बीएमएसटी या रजिस्ट्र्या आहेत. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी तरुणांनी तिथल्या रजिस्ट्रीत नाव नोंदवलं तरी ते इथल्या शोधात सापडू शकतं, हे नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जरूर टाका.

रजिस्ट्रीच्या दात्याबाबत लक्षात ठेवायचं ते असं: डॉक्टर मॅरो मागू शकतात, पण शेवटचा शब्द दात्याचा. भूल घ्यायला तो नाही म्हणाला तर रक्तातल्या पेशींवर समाधान मानावं लागतं. म्हणून मागणी पाठवतानाच "आम्हाला मॅरो हवा" हे डॉक्टरांनी लिहिलंय का, ते विचारा. नंतर बदल करायला वेळ उरत नाही.

रजिस्ट्रीचा शोध लांबतो आहे असं दिसलं की हाफ मॅच. आई, वडील, अर्धं जुळणारं भावंड, मोठ्या पेशंटचा मुलगा किंवा मुलगी. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा शेवटचा उपाय होता. ट्रान्सप्लान्टनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटलं, कारण त्या वेळी वाढू लागलेल्या आक्रमक टी-पेशी त्यात मरतात आणि स्टेम सेल तगतात. औषधांना दाद न दिलेल्या ३१ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक वर्षानंतर ८१ टक्के जिवंत होते. संख्या छोटी आहे हे खरं. पण त्यात पेशी कुठून घेतल्या होत्या ते बघा: मॅरोतून. भारतात हाफ मॅचमध्ये रक्तातल्या पेशीही वापरतात, तेव्हा पाचव्या पायरीतले प्रश्न इथेही तसेच लागू.

हाफ मॅचमध्ये एक तपासणी सोडायची नाही. पेशंटच्या रक्तात त्या विशिष्ट दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, याला डीएसए टेस्ट म्हणतात. अँटिबॉडी जोरात असतील तर ग्राफ्ट फसतो, आणि दुसरा दाता बघितलेला बरा. पुष्कळ बाळंतपणं झालेल्या स्त्रियांत आणि पुष्कळ पिशव्या चढलेल्या कुणातही त्या सापडू शकतात.

नाळेचं रक्त

यावर फार वेळ घालवू नका. १९८८ साली पॅरिसमध्ये फॅन्कोनीच्या एका मुलाला बहिणीच्या नाळेतल्या रक्ताने बरं केलं आणि हा मार्ग खुला झाला. पण एका नाळेत पेशी थोड्या असतात, मोठ्या माणसाला पुरत नाहीत, रुजायला वेळ लागतो आणि अप्लास्टिक ॲनिमियात न रुजण्याचा धोका मोठा. अनुभवी केंद्रांत, भरपूर पेशी असलेली पिशवी मिळाली तर वापरतात. पहिली पसंती म्हणून नाही. खासगी बँकेत बाळाच्या नाळेचं रक्त ठेवलंय म्हणून निर्धास्त राहिलेली घरं मी पाहिली आहेत. आजार जनुकीय निघाला तर त्या पिशवीतही तोच दोष असतो. स्वतःच्याच भविष्यासाठी नाळ साठवायला शास्त्रीय आधार नाही, अशीच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची भूमिका आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: आई सध्या गरोदर असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. होणारं भावंड जुळलं तर त्याच्या नाळेचं रक्त आणि पुढे त्याचाच थोडा मॅरो, असं एकत्र करता येतं.

पायरी आठवी: पैसे आणि कागद

मॅरो की रक्त हे पैशावर ठरू नये, पण खर्चाचा अंदाज मागताना दोन्हींचा वेगवेगळा मागा. ॲफेरेसिसचा किट आणि जीसीएसएफ एका बाजूला, थिएटर आणि भूल दुसऱ्या बाजूला. खरा फरक पुढच्या दोन वर्षांत पडतो: क्रॉनिक जीव्हीएचडी झाला तर औषधं, भरती, गमावलेले कामाचे दिवस. तो आकडा कुठल्याच अंदाजपत्रकात नसतो.

मदतीसाठी मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी या दोन्हींकडे अर्ज करता येतो. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना नावात थॅलेसेमिया असली तरी अप्लास्टिक ॲनिमियालाही लागू आहे. ठरावीक हॉस्पिटलांत, दहा लाखांपर्यंत. अटी बदलत असतात, म्हणून हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन ताजा फॉर्म घ्या आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसील कार्यालय तुमच्या काउंटसाठी थांबत नाही.

केमो सुरू होण्याआधी एका गोष्टीवर मोकळेपणाने बोला, विशेषतः तरुण मुलांच्या घरी: वीर्य गोठवून ठेवायचं का? मुलींसाठीही स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या, आणि ट्रान्सप्लान्टच्या काळात पाळी थांबवण्याच्या गोळ्यांबद्दल त्यांच्याकडेच विचारा. प्लेटलेट जेमतेम दहा हजार असताना पाळीचा रक्तस्राव साधी गोष्ट नसते.

ग्राफ्ट रुजल्यानंतर

काउंट वर आले की घरच्यांना औषधं जड वाटू लागतात. सायक्लोस्पोरिन साधारण नऊ महिने ते वर्षभर चालतं आणि मग हळूहळू उतरवतात. मनाने कमी करायचं नाही. या आजारात ते घाईने बंद केलं तर लागलेला ग्राफ्टही सुटू शकतो. मधूनमधून कायमेरिझम तपासतात, म्हणजे रक्तात दात्याच्या पेशी किती आणि स्वतःच्या किती. थोडी सरमिसळ असणं इथे चालतं, पण दात्याचा वाटा सतत घसरत असेल तर डॉक्टर सायक्लोस्पोरिन उतरवायचं थांबवतात.

रक्तातल्या पेशी घेतल्या असतील तर दुसऱ्या वर्षीही नजर ठेवा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, तोंड कोरडं पडून तिखट अजिबात न सोसणं, त्वचा ताठर होणं, जिना चढताना नव्याने धाप लागणं ही क्रॉनिक जीव्हीएचडीची सुरुवात असू शकते. धाप लागत असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. फुप्फुसाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या, कारण तिथे झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून निघत नाही.